कुलूप दाराला, खिडकी भिंतीला

नांदेड, २६ नोव्हेंबर २०२३

प्रिय सौदा,

सलाम. खोक्यात तुमच्या कॉलेजचे चार कंडेन्सर, सात ब्युरेट आणि एक फ्लास्क आहे. फ्लास्कच्या मानेला मी कुठे जोड दिलाय ते बोट फिरवून शोध. सापडला तर मी चांदपाशाची लेक नाही. पेंढा फेकू नकोस, परत पाठव.

फोन का करत नाहीस, असं विचारू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करते. एका बाकावर बसून आपण बीएस्सी केलं, पण तू मास्तरीण झाल्यापासून फोनवर मला तुझ्या वर्गात बसल्यासारखं वाटतं. खोक्यात पत्र टाकलं की तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

अब्बांनी छत्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेची काच जोडली. ते गेले आणि त्यांच्याबरोबर ती नोकरीपण गेली. त्यांची काच तापवायची गॅसची बत्ती मात्र मी घरी आणली. नवऱ्याच्या घरून परत आल्यापासून पंधरा वर्षं तिच्यावरच माझं चाललंय. हिवाळा हाच माझा हंगाम. बारावीचं प्रॅक्टिकल फेब्रुवारीत, म्हणून किनवटपासून देवणीपर्यंत सगळ्या कॉलेजांना आत्ता आठवतं की आपली काच फुटलीय. एकशे चाळीस नग येऊन पडलेत.

आणि शेड तुला माहीत आहे. परसातली, पत्र्याची, दहा बाय आठ. फटींतून सकाळचं वारं असं येतं की मी पुढून भाजते आणि मागून गोठते. माझं जाऊ दे. जोड लाल असताना नुसती एक झुळूक लागली की टिक! तो आवाज ऐकला की मला रडू येत नाही, शिवी येते. काल चार नग गेले, म्हणजे चार शिव्या.

मुज्तबा म्हणतो, "आपा, हिवाळाभर बंद ठेव ना." धाकट्या भावाचं मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे, कव्हरला बारा महिने हंगाम. आंबेवाल्याला उन्हाळ्यात गाडा बंद ठेव म्हणावं तसं हे.

तू रसायनाची मास्तरीण. सांग, शेड गरम कशी करू?

तुझी,
साबेरा


लातूर, २ डिसेंबर २०२३

साबे,

जोड सापडला नाही. दोन पोरींना लावलं, त्यांनाही सापडला नाही. चांदपाशाकाकांची लेक तूच, हे लेखी देते.

इथे सगळं गाव अभ्यास करून राहिलंय. आमच्या समोरच्या इमारतीत चार मजल्यांवर चार क्लास आहेत. गल्लीतलं कुत्रंसुद्धा पहाटे पाचच्या बॅचबरोबर उठतं आणि मला शंका आहे की ते डॉक्टर होणार. माझ्या विषयात यंदाही शंभरपैकी शंभर घेणारी पोरं आहेत. प्राचार्य माझा फोटो बॅनरवर छापणार म्हणतात. मी म्हटलं, नाकाखालून छापा, शिकवते मी तोंडानं.

आता तुझं. यात अवघड काही नाही, साधा उष्णतेचा प्रश्न आहे. फटी बुजव. जुन्या गोधड्या आतून खिळ्यांनी ठोक. वरचा झरोका पोत्यानं बंद कर. दार लावून घे आणि कोपऱ्यात कोळशाची शेगडी ठेव, चांगली भरून. निखारे लाल झाले की धूर होत नाही, म्हणजे डोळ्यांनाही त्रास नाही. तीस वर्षं शिकवते आहे, विश्वास ठेव. मुज्तबानं तोंड उघडलं तर सांग, लातूरच्या मॅडमनी सांगितलंय.

पेंढा पाठवते आहे. त्यात आणखी अकरा फुटके नग.

तुझी,
सौदामिनी


नांदेड, १४ डिसेंबर २०२३

प्रिय सौदा,

सलाम. अंबरीशचं लग्न ठरलं का? लातूरची मुलगी बघितली होती ना तुम्ही?

तुझी अक्कल कामाला आली. चार गोधड्या ठोकल्या, झरोका बुजवला, शेगडी भरली. दहा दिवसांत एकही नग तडकला नाही. शेड अशी ऊबदार झालीय की मांजर येऊन बसेल असं वाटलं होतं, पण ती मेली दारातूनच परत जाते. तिला माणसांचं सुख बघवत नाही.

एकशे चाळीसपैकी साठ झाले. झपाझप झाले असते, पण चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं. दुपारपर्यंत डोकं असं दुखतं की कोणी आतून ठोकतंय. मळमळतं. हात जड पडतात. डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या. गंमत म्हणजे जुम्म्याला मी शेड बंद ठेवून खालांकडे जाते, त्या दिवशी डोकं एकदम साफ. खाला म्हणतात, नमाजची बरकत. मी म्हटलं, खाला, बाकीचे दिवस पण पढते की.

हे पत्र शेडमध्येच बसून लिहिते आहे, बाहेर लई थंडी आहे. ओळी तिरक्या जाऊन राहिल्यात, सांभाळून घे. किनवटच्या सरांचा निरोप आलाय, त्यांना दहा तारखेच्या आत पाहिजेत. कुठली दहा ते सांगितलं नाही.

बाकी ठीक. अंबरीशचं लग्न ठरलं का? लातूरची मुलगी बघितली होती ना तुम्ही?

तुझी,
साबेरा


लातूर, २१ डिसेंबर २०२३

साबे,

हे पत्र तू दवाखान्यातून घरी आलीस की वाचशील. परवा रात्री मी फोन केला तो तुझ्या भावानं उचलला. "आपा आयसीयूत आहे, नाकाला ऑक्सिजन लावलाय," म्हणाला. दुपारी जेवायला का येत नाहीस म्हणून तो बघायला गेला, तर तू टेबलावर मान टाकून पडली होतीस. बत्ती तू बंद केली होतीस. शुद्ध जाता जाता तुला बत्ती बंद करायचं सुचलं. मला तर पूर्ण शुद्धीत काही सुचलं नव्हतं.

आता जे लिहिते ते नीट वाच, कारण पुन्हा लिहिण्याची ताकद माझ्यात नाही.

तुझं पत्र सतरा तारखेला आलं. तू माझ्या लेकाचं, अंबरीशचं, दोनदा विचारलंस, वर एकदा, खाली एकदा, शब्दाला शब्द. मी हसले. म्हटलं, साबे म्हातारी झाली. पत्र टेबलावर ठेवलं आणि त्याच्यावर अकरावीच्या पेपरांचा गठ्ठा ठेवला.

दोन दिवस ते पेपर तपासले. एकशे अठरा. त्यात माझाच एक प्रश्न होता, एका गुणाचा: बंद खोलीत कोळशाची शेगडी का पेटवू नये? एकशे सोळा पोरांनी बरोबर लिहिलं होतं. हवा कमी पडली की कोळसा अर्धवट जळतो, कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंग नाही, वास नाही, तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, मग मरतो. एकशे सोळा वेळा मी लाल पेननं बरोबरची खूण केली. दोघांनी उत्तर लिहिलं नव्हतं. त्यांच्या पेपरावर मी 'निव्वळ मूर्ख' असा शेरा मारला.

गठ्ठा संपला. खाली तुझं पत्र निघालं. पुन्हा वाचलं आणि फोन उचलला. मांजर येत नाही. जुम्म्याला डोकं दुखत नाही. एकच गोष्ट दोनदा. तू मला सगळी लक्षणं क्रमानं लिहून पाठवली होतीस, नमुना उत्तरपत्रिकेसारखी, आणि मी ती गठ्ठ्याखाली दाबून गुण वाटत बसले होते.

झरोका मी बंद करायला सांगितला. गोधड्या मी ठोकायला सांगितल्या. शेगडी भरायला मी सांगितली. त्या दोन पोरांना निदान आपल्याला उत्तर येत नाही एवढं तरी माहीत होतं.

शेड बंद कर, साबे. मुज्तबाचं ऐक. माझं काहीही ऐकू नकोस.

सौदामिनी


नांदेड, २८ डिसेंबर २०२३

सौदा,

मेले नाही. डोकं थोडं जड आहे, पण जीभ साफ आहे, म्हणून लिहिते.

मुज्तबानं शेडला कुलूप लावलंय. किल्ली त्याच्या खिशात. येणारा प्रत्येक माणूस मला बघायला येतो आणि कुलूप बघून जातो. शेजारच्या बेगम म्हणाल्या, बाईनं आगीशी खेळू नये. या स्वतः तीस वर्षं दिवसातून तीनदा चुलीशी बसतात, ती बहुतेक बर्फाची असावी. एक मामू म्हणाले, सिलेंडर फुटला असता तर? दुसरे म्हणाले, जिनाचा फेरा आहे, लोबान फिरवा. मी म्हटलं, मामू, बंद शेडमध्ये आणखी धूर करू?

मुज्तबा वाईट नाही. त्यानं मला खांद्यावर टाकून रिक्षापर्यंत नेलं. रोज उशाशी बसतो. "आपा, बस झालं आता. हे नग हैदराबादला नवे मिळतात. तू आराम कर. मी हाय ना." मी विचारलं, "तुझ्या दुकानात एखादा पोरगा चक्कर येऊन पडला तर दुकान बंद करशील का पंखा लावशील?" म्हणाला, "दुकानाची गोष्ट वेगळी." हाव, वेगळीच. ते त्याचं आहे.

शेगडीची अक्कल कोणाची ते त्याला सांगितलं नाही. तुझा फोटो अजून बॅनरवर चढायचाय.

आता तुझ्या पत्राबद्दल. माफी मागू नकोस. माफीनं खोलीतली हवा बदलत नाही. आणि 'शेड बंद कर' हे सांगायला मला लातूरची मॅडम लागत नाही, त्यासाठी सगळा मोहल्ला फुकट हजर आहे. सत्तर नग जोडायचे राहिलेत. किनवटच्या होस्टेलवर राहणाऱ्या पोरी आहेत त्या कॉलेजात. तेवीस पोरींत तीन ब्युरेट. बाकीच्या लांबून बघतात आणि वहीत उतरवतात. हैदराबादचा नवा माल त्यांच्यापर्यंत फेब्रुवारीत येणार नाही, हे तुला माहीत आहे.

तुझ्यामुळे मी पडले ना? मग दंड भर. रडून नाही, डोकं लावून भर. मला तीन गोष्टी पाहिजेत: विष बाहेर जावं, मी गोठू नये, आणि जोडाला वारा लागू नये. तिन्ही एकदम. उत्तर पुस्तकातून लिहू नकोस, करून बघ आणि मग लिही.

साबेरा


लातूर, ५ जानेवारी २०२४

साबे,

करून बघितलं. स्वयंपाकघराचं दार लावलं, उदबत्त्यांचा जुडगा पेटवला आणि धूर कुठे जातो ते तीन दिवस बघत बसले. घरच्यांना वाटलं मी देवभोळी झाले.

माझी पहिली चूक अशी की मी खोली गरम करायला निघाले. खोली नाही, माणूस गरम करायचा असतो. दुसरी चूक, मी वाऱ्याला शत्रू समजले. वारा छोट्या फटीतून आला की चावतो. तोच मोठ्या खिडकीतून आला की हळू येतो. म्हणून फटी बुजवायच्या, पण त्यांच्या बदल्यात एक मोठी वाट द्यायची.

तुझ्या पाठीमागच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चांगली दोन हात रुंद खिडकी पाड. तिला बारीक जाळी लाव, म्हणजे झुळूक मोडते. खिडकीसमोर विजेचा तेल भरलेला हीटर ठेव, तो हवा जाळत नाही. बाहेरची थंड हवा त्याच्यावरून कोमट होऊन तुझ्या पाठीवर येईल. तुझ्यासमोर, बत्तीच्या वर, पत्र्याचं धुराडं, उलट्या सुपासारखं. त्याच्या टोकाला बाहेर ओढणारा पंखा. म्हणजे हवा पाठीकडून येते, ज्योतीवरून जाते, वर जाते. ज्योतीवरचा वायू तुझ्या नाकापर्यंत येतच नाही. धुराड्याचं तोंड खिडकीपासून लांब, आणि बेगमांच्या खिडकीपासूनही लांब. तेवढा शेजारधर्म पाळ.

पंखा विकत आणू नकोस. मराठवाड्यात हिवाळ्यात प्रत्येक घरात एक कूलर गोधडी पांघरून झोपलेला असतो. त्याचा पंखा काढ आणि उलटा बसव. उन्हाळ्यात आत फुंकतो, आता बाहेर फुंकेल.

सिलेंडर बाहेर, भिंतीला साखळीनं. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणूनही ती खालची खिडकी. पायाखाली शहाबादी फरशी आहे ना? तिच्यावर लाकडी फळी टाक, पोतं नको, ठिणगी धरेल. लोकरीचे मोजे घाल. नायलॉनचं स्वेटर घातलंस तर मीच येऊन काढून घेईन. आणि गरम जोड झाला की गरम राखेच्या डब्यात पूर, मग वारा काही करो.

सोबत एक पांढरी डबी आहे. कार्बन मोनॉक्साइड झाला की ती बोंबलते. शेडमध्ये लाव, डोक्याच्या उंचीला. तुझ्या वाट्याला आता अशी मास्तरीण आली आहे जी चूक झाली तर ओरडेल. आधीची नुसती गुण द्यायची.

पंखा सुरू झाल्याशिवाय बत्ती पेटवायची नाही. हे वाक्य मी अकरावीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं आणि तुझी सगळी गोष्ट सांगितली, शेगडी कोणी ठेवायला लावली ते नावासकट. प्राचार्य दारात उभे होते. म्हणाले, "मॅडम, हे परीक्षेत येणार आहे का?" मी म्हटलं, "आलं होतं सर. मी नापास झाले." बॅनर रद्द झाला.

त्या दोन पोरांना बोलावून शेरा खोडला.

तुझी,
सौदामिनी

ता. क. एवढं सगळं करशील, पण कुलपाचं काय?


नांदेड, ३० जानेवारी २०२४

प्रिय सौदा,

सलाम. अंबरीशचं लग्न ठरलं का?

कुलपाचं ऐक. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी मुज्तबाला म्हटलं, "किल्ली दे. आता हवा खेळती करणार आहे." तो म्हणाला, "आपा, मी तुला पुन्हा खांद्यावर टाकणार न्हाई." मी म्हटलं, "टाकायला लागणारच नाही, त्यासाठीच मागते." तो म्हणाला, "कुलूप निघणार न्हाई. म्हंजे न्हाई." आणि दुकानाला गेला.

मग मी व्यंकटीला बोलावलं. तो धान्याच्या कोठ्या करतो, पत्र्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नाही. त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाला, "धुराडं करतो बाई. पण दाराला तर कुलूप हाय. आत जायचं कसं?"

मी म्हटलं, "मॅडमनी खिडकी कुठे पाडायला सांगितलीय?"

"मागल्या भिंतीत."

"किती मोठी?"

त्यानं हातानं माप दाखवलं, मग माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि हसायला लागला. "आजूक हातभर वर घेऊ. बाईमाणूस हाय, वाकून जाणं बरं दिसत न्हाई."

दोन दिवसांत धुराडं करून आणलं, मग दीड तासात भिंत कापली. मी खिडकीतून आत गेले, सौदा. पन्नाशी ओलांडलेली बाई, साडीचा काचा मारून, माझ्याच शेडमध्ये चोरासारखी. पहिल्यांदा तुझ्या गोधड्या उपटल्या. शेगडी बाहेर काढून तिच्यात कोथिंबीर लावली.

संध्याकाळी मुज्तबा आला. पुढून बघतो तर कुलूप जागच्या जागी. खूश झाला. मग पंख्याचा आवाज ऐकला. मागे गेला तर मी आत बसलेली, जाळीची चौकट बाजूला काढलेली, आणि व्यंकटी त्याच्याच खोलीतल्या कूलरचा पंखा उलटा बसवून, फिरवून बघत राहिलेला.

"आपा! माझा कूलर!"

"एप्रिलात परत देते. तोपर्यंत तुला घाम येत नाही."

तो लई बोलला. बोलू दिलं. मग त्याच्या हातात ऊद पेटवून दिला आणि म्हटलं, खिडकीपाशी धर. धूर सरळ माझ्या खांद्यावरून, ज्योतीवरून वर गेला आणि धुराड्यात शिरला, जसं कोणी बोट धरून नेलं. त्यानं ऊद इकडे धरला, तिकडे धरला, कोपऱ्यात धरला. धूर ऐकेना, प्रत्येक वेळी बाहेरच गेला. मग तुझी डबी घेतली आणि परसात माझ्या वहिनीनं पाण्यासाठी पेटवलेल्या बंबापाशी नेली. अशी बोंबलली की बेगम बाहेर आल्या. शेडमध्ये आणली, गप्प. तो दोन तास स्टूल टाकून तिच्याकडे बघत बसला. मी सहा नग जोडले.

जाताना त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. मी म्हटलं, "दार उघडं ठेवते, कधी पळायला लागलं तर दोन वाटा पाहिजेत. पण कुलूप काढून नेऊ नकोस. कडीला तसंच लटकू दे. येणारा प्रत्येक मामू विचारेल, आणि मी प्रत्येकाला सांगेन." दुसऱ्या दिवशी फळीवर लोकरीचे मोजे होते, कव्हरच्या पिशवीत.

सगळे नग झाले. किनवटचं खोकं काल आगगाडीनं गेलं, हिमायतनगरचं आज. तुझे अकरा याच्यात आहेत, पेंढ्यासकट. रोज चार तास बसते. डोकं साफ. हात हलके. मांजर हीटरपाशी झोपते, उठवलं तरी जात नाही.

ओळी सरळ आहेत का बघ. लाल पेन घेऊन तपास.

अंबरीशचं लग्न ठरलं का?

घाबरू नकोस, दुसऱ्यांदा मुद्दाम विचारलंय. डिसेंबरात मी अर्ध्या शुद्धीत विचारलं होतं, तरी शुद्धीवर आल्यावर मला कळलं की तू उत्तर टाळलंस.

तुझी,
साबेरा